कोल्हापुरात बसून देवमाशांच्या माता-पिल्लांचा अधिवास कसा अभ्यासावा

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत देवमासा दिसतो तो बहुतेक वेळा ‘व्हेल माशाची उलटी’ विकायला आलेल्या टोळीच्या बातमीत, आणि क्वचित कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एखाद्या कलेवराच्या छायाचित्रात. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याने देवमाशांवर प्रोजेक्ट करण्याची इच्छा बोलून दाखवली, की गाईडचा पहिला प्रश्न असतो, ‘समुद्र कुठून आणणार?’ प्रश्न रास्त आहे, पण या विषयाच्या एका भागापुरते त्याला उत्तर आहे. प्रजननक्षेत्रात पिल्लासह असलेल्या माद्या किती खोलीच्या पाण्यात राहतात, किनाऱ्यापासून किती अंतरावर राहतात आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यात कुठे सरकतात, हे तपासण्यासाठी लागणाऱ्या नोंदी, समुद्रतळाचे नकाशे आणि ते हाताळण्याचे सॉफ्टवेअर हे सगळे आज विनामूल्य मिळते. विद्यानगरातल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून हे काम एका सत्रात पुरे होऊ शकते. पुढील पद्धत हंपबॅक देवमाशांना धरून लिहिली आहे, कारण प्रजननक्षेत्रांतील त्यांच्या नोंदी भरपूर आणि सहज मिळणाऱ्या आहेत.

आधी प्रश्न पक्का करावा

नकाशा उघडण्यापूर्वी, आई-पिल्लाची जोडी इतर देवमाशांपेक्षा वेगळी जागा का निवडत असेल याची कारणे कागदावर लिहून काढावीत, कारण कोणते घटक मोजायचे आणि कोणते सोडून द्यायचे हे त्यांवरूनच ठरते.

पहिले कारण शक्तीच्या हिशेबाचे आहे. हंपबॅकची मादी अकरा-बारा महिने गर्भ वाहते आणि उष्ण पाण्यात साधारण ४ ते ४.५ मीटर लांबीच्या पिल्लाला जन्म देते. त्या पाण्यात तिला खायला जवळजवळ काहीच नसते. अलास्काच्या परिसरात उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर ती हवाई बेटांपर्यंतचा साडेचार ते पाच हजार किलोमीटरचा प्रवास करते, तिथे पिल्लाला दाट, स्निग्ध दूध पाजते आणि उपाशीच परतीच्या वाटेला लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हेड ऑफ बाइट येथे दक्षिणी राइट देवमाशांची ड्रोनने मोजमापे घेतली गेली, तेव्हा ज्या पिल्लांची वाढ जलद होती त्यांच्या आयांचे शरीरही तितक्याच वेगाने आटत असल्याचे दिसले. अशा मादीला लाटांशी झगडावे लागणार नाही असे संथ पाणी मिळणे ही चैन नसून गरज आहे, आणि म्हणून वाऱ्याच्या आडोशाची बाजू, उथळ पाणी आणि तळाचा मंद उतार हे घटक मोजण्यासारखे ठरतात.

दुसरे कारण नरांचे आहे. पिल्लू असलेल्या मादीमागेही नर लागतात. एकटा सोबती नर असेल तर जोडीच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, पण नर वाढले की पाठलाग सुरू होतो, मादीला वेग वाढवावा लागतो आणि पिल्लाची दमछाक होते. हवाईतील अभ्यासांत पिल्लासह असलेल्या माद्या इतर गटांपेक्षा उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ आढळल्या आहेत, आणि नरांची ये-जा तिथे कमी असते हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. तिसरे कारण शिकाऱ्यांचे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर किलर व्हेल हंपबॅकच्या पिल्लांची शिकार करतात, हे प्रत्यक्ष पाहून नोंदवले गेले आहे. तिथून जवळच असलेल्या एक्समथ आखातात आई आणि पिल्लू यांच्या अंगावर चिकटवलेल्या ध्वनिमुद्रकांत दोघांमधले आवाज इतके हळू निघाले, की ते फार दूरवर पोहोचूच शकत नाहीत. शिकारी आणि नर या दोघांच्याही कानावर न पडता एकमेकांशी संपर्क ठेवायचा असेल, तर असेच बोलावे लागेल. याचा उपयोग आपल्याला असा, की जहाजांच्या इंजिनाचा आवाज असे हळू संभाषण बुडवू शकतो. म्हणून अभ्यासक्षेत्रात मोठ्या जहाजांचा मार्ग असेल तर त्या मार्गापासूनचे अंतर हाही घटक यादीत घ्यावा.

विश्रांती घेणाऱ्या जोडीचे ड्रोनमधून घेतलेले एखादे चित्रण एकदा तरी शांतपणे पाहावे, कारण नोंदींच्या तक्त्यातला एकेक ठिपका म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही. आई पृष्ठभागाखाली काही मीटरांवर जवळजवळ निश्चल असते, पिल्लू तिच्या हनुवटीखाली किंवा पंखाजवळ असते. पिल्लाचा श्वास आईइतका पुरत नाही, म्हणून दर काही मिनिटांनी ते एकटेच वर येते, श्वास घेते, आईच्या डोक्यावर एखादी गिरकी मारते आणि पुन्हा खाली जाते. आई मात्र त्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्यावर एकदा वर येते. म्हणजे निरीक्षकाला बराच वेळ फक्त पिल्लूच दिसते, समुद्र खवळलेला असेल तर तेही दिसत नाही. शिवाय पिल्ले शेपूट क्वचितच उंच उचलतात, आणि उथळ पाण्यातल्या आयाही शेपूट कमी दाखवतात. शेपटीच्या छायाचित्रांवरून ओळख पटवणाऱ्या हॅपीव्हेलसारख्या संचात पिल्लासह असलेल्या माद्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचे हे एक कारण आहे. तो संच एकेका देवमाशाचा प्रवास शोधायला उत्तम आहे, पण अधिवासाच्या प्रमाणांसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

क्षेत्र निवडताना

प्रत्येक जातीचे प्रजननक्षेत्र वेगळ्या घडणीचे असते, आणि क्षेत्र निवडताना ती घडण ध्यानात घ्यावी. ग्रे देवमासे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासिओ या खाड्यांत येतात. हंगामाच्या भरात माता-पिल्ले खाडीच्या आतल्या भागात असतात आणि एकटे देवमासे मुखाकडे. एकटे निघून गेले, की मग माता-पिल्ले मुखाकडच्या भागात उतरतात. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पाच्या आखातांत दक्षिणी राइट देवमाशांचा अभ्यास १९७० पासून सुरू आहे. डोक्यावरच्या खडबडीत चट्ट्यांवरून एकेक मादी तिथे ओळखता येते. किनाऱ्यालगतचे पाणी म्हणजे निवांत जागा, ही आपली समजूत मात्र तिथे थोडी ढळते, कारण केल्प गल जातीचे कुरव तिथे श्वास घ्यायला वर आलेल्या आयांच्या आणि पिल्लांच्या पाठीवरची कातडी टोचून खातात.

पहिल्या प्रोजेक्टसाठी माझी शिफारस हवाईतील माउई, लानाई, मोलोकाई आणि काहोओलावे या चार बेटांमधल्या समुद्राची आहे. तिथे हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल असा आखीव असतो, उथळ आणि खोल दोन्ही प्रकारचे पाणी थोड्या अंतरात मिळते, आणि १९९२ पासून तिथे हंपबॅकसाठी राष्ट्रीय सागरी अभयारण्य असल्याने लिखाणही भरपूर आहे. एक्समथ आखात किंवा ब्राझीलचा आब्रोल्योस परिसर घेतला तरी पद्धत बदलत नाही. मात्र क्षेत्र पक्के करण्याआधी एक गोष्ट पाहावी आणि ती नसेल तर क्षेत्र सोडून द्यावे: नोंदींमध्ये गटाची रचना लिहिलेली आहे का? नुसते ‘हंपबॅक, संख्या २’ असे लिहिलेल्या हजारो नोंदी या विषयासाठी निरुपयोगी आहेत.

नोंदी उतरवणे आणि निवडणे

सागरी जीवांच्या नोंदींसाठी ओबिस, आणि सागरी सस्तन प्राण्यांसाठी विशेषतः ड्यूक विद्यापीठाचे ओबिस-सीमॅप, ही दोन ठिकाणे पुरतात. जातीचे शास्त्रीय नाव मेगाप्टेरा नोव्हेअँग्लिए असे घालून अभ्यासक्षेत्राची चौकट आखावी आणि सीएसव्ही फाइल उतरवावी. प्रत्येक संचाच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात. त्या त्याच दिवशी वाचून, संचाचे नाव आणि उतरवल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी, म्हणजे प्रबंध टाइप करताना धावपळ होत नाही.

फाइल एक्सेलमध्ये उघडली की अनेक रकाने रिकामे दिसतील. ‘लाइफ स्टेज’ हा रकाना आपल्या कामाचा, पण तो बऱ्याच संचांत भरलेलाच नसतो. तेव्हा शेरे लिहिलेल्या रकान्यात ‘काफ’, ‘काऊ-काफ’, ‘मदर’, ‘एस्कॉर्ट’ या शब्दांचे इंग्रजी रूप आणि त्यांची संक्षिप्त रूपे शोधावीत. प्रत्येक नोंद चार वर्गांपैकी एकात टाकावी: फक्त आई-पिल्लू, आई-पिल्लू आणि एक सोबती नर, आई-पिल्लू आणि अनेक नर, आणि पिल्लू नसलेले गट. पहिले तीन वर्ग एकत्र करण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे आकडा मोठा दिसतो, पण नर सोबत असलेली मादी स्वतःच्या मर्जीच्या जागी असेलच असे नाही, म्हणून निदान पहिल्या फेरीत ते वेगळे ठेवावेत. दोन देवमाशांचा गट म्हणजे आई-पिल्लू असे कधीही गृहीत धरू नये. पिल्लू कोणाला म्हटले आहे, तेही संचाच्या माहितीपत्रकात पाहावे. सोबतच्या प्रौढाच्या निम्म्यापेक्षा कमी लांबी, ही नेहमीची कसोटी आहे.

यानंतर गाळणी. अक्षांश-रेखांश पूर्णांकात दिलेल्या नोंदी, तारीख नसलेल्या नोंदी, आणि एकच दर्शन दोन संचांतून आल्यामुळे झालेल्या दुहेरी नोंदी काढून टाकाव्यात. स्थानाची अनिश्चितता एक किलोमीटरहून अधिक लिहिलेली असेल, तर किनाऱ्याजवळच्या विश्लेषणात ती नोंद घेऊ नये. काढलेल्या नोंदी पुसून न टाकता वेगळ्या शीटमध्ये ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे काढण्याचे कारण लिहावे, कारण व्हायवाला एक्स्टर्नल नेमके तेच विचारतात.

खोली, उतार आणि अंतर

समुद्रतळासाठी गेब्को या खोलीच्या नकाशा-प्रकल्पाचा जागतिक संच घ्यावा. त्याचा एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांचा, म्हणजे विषुववृत्तावर साधारण साडेचारशे मीटरचा असतो. क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हा संच उघडून, नोंदींची फाइल ‘डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ म्हणून आणावी. अंतरे मीटरमध्ये हवी असल्याने दोन्ही थर प्रक्षेपित प्रणालीत न्यावेत. माउई परिसरासाठी यूटीएम ४ उत्तर हा विभाग लागतो. मग ‘सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज’ या साधनाने प्रत्येक ठिपक्याला खोलीचा आकडा जोडावा. उताराचा थर ‘स्लोप’ने तयार करून तोही तसाच जोडावा. किनाऱ्यापासूनचे अंतर काढण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपची किनारारेषा घेऊन ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय नियरेस्ट’ चालवावे, म्हणजे अंतराचा रकाना आपोआप तयार होतो.

गेब्कोत समुद्राची खोली उणे चिन्हाने येते, हे लक्षात ठेवून निकाल खोलीनुसार चढत्या क्रमाने लावावा आणि तळाशी जावे. तिथे अधिक चिन्हाचे काही आकडे हमखास सापडतात. एखादा देवमासा शंभर-दोनशे मीटर उंचीच्या डोंगरावर पिल्लासह विसावलेला असतो. रेखांशाचा एखादा आकडा उलटापालटा झालेला असतो, किंवा किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहणाऱ्याने स्वतःचेच स्थान नोंदवलेले असते. पहिल्या प्रकारातली चूक दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता नोंद काढावी. दुसऱ्या प्रकारात मात्र त्या संचातल्या सर्वच नोंदी संशयाने पाहाव्यात, कारण डोंगरावर न पडलेल्या ठिपक्यांतही तीच चूक दडलेली असू शकते. बोटीवरून केलेल्या नोंदींत हा दोष असला तरी सौम्य असतो. हवाईत देवमाशापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बोटी तेवढ्या दुरूनच पाहत असल्या तर बोटीचे स्थान आणि देवमाशाचे स्थान बहुधा गेब्कोच्या एकाच चौकोनात, फार तर शेजारच्या चौकोनात पडते.

साडेचारशे मीटरच्या चौकोनात ज्वालामुखी बेटाचा तळ बराच खाली उतरलेला असू शकतो, म्हणून ‘३७ मीटर’ असा नेमका आकडा लिहिण्यात अर्थ नाही. ० ते २०, २० ते ५०, ५० ते १००, १०० ते २०० आणि २०० मीटरपेक्षा जास्त, असे पट्टे करावेत. गेब्कोसोबत कोणत्या चौकोनाची खोली प्रत्यक्ष मोजलेली आहे आणि कोणत्या चौकोनाची अंदाजाने भरलेली आहे हे सांगणारा जोडसंचही मिळतो. तो सहसा कोणी उघडत नाही, पण तुम्ही जरूर उघडावा.

पाण्याचे तापमान घ्यावे का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. जगभरातील हंपबॅकची प्रजननक्षेत्रे साधारण २१ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात असतात, मग अक्षांश कोणताही असो. अंटार्क्टिकाकडून निघालेले काही देवमासे त्यासाठी विषुववृत्त ओलांडून आठ हजारांहून अधिक किलोमीटर पोहत कोस्टारिकापर्यंत येतात. म्हणजे दोन क्षेत्रांची तुलना करायची असेल तर तापमान महत्त्वाचे आहे. एकाच क्षेत्राच्या आत, एकाच आठवड्यात, ते जवळपास सगळीकडे सारखेच असते आणि त्यातून आई-पिल्लाच्या निवडीबद्दल काही निघत नाही. तिथे ते सोडून द्यावे.

ठिपके बोटींचे की देवमाशांचे?

सगळे ठिपके नकाशावर आले, की माउईच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य किनाऱ्याला त्यांची दाटी दिसते आणि ‘मातांना हेच पाणी आवडते’ असे लिहावेसे वाटते. या घटकेला हात आवरावा. महाद्वार रोडवर उभे राहून माणसे मोजली तर सारे कोल्हापूर अंबाबाईच्या दर्शनालाच राहते असे वाटेल, तसाच हा प्रकार आहे. देवमासे दाखवणाऱ्या बोटी लहाइना आणि माआलाएआ या बंदरांतून निघत, काही तासांत परत येत, आणि वाऱ्याच्या आडोशाला राहत. आडोशाचे पाणी संथ असते म्हणून बोटी तिथे जातात, आणि संथ पाण्यात पिल्लू चटकन दिसते म्हणून तिथल्या नोंदी वाढतात. मातांनाही तेच पाणी मानवत असेल, पण नुसत्या ठिपक्यांवरून ते सिद्ध होत नाही. त्यात ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लहाइना गाव आणि बंदर जळाले, त्यामुळे त्यानंतरच्या हंगामांतला बोटींचा वावर आधीच्या हंगामांसारखा धरता येत नाही.

या अडचणीवर विद्यार्थ्याला झेपेल असा उत्तम उपाय म्हणजे मातांची तुलना मोकळ्या समुद्राशी न करता पिल्लू नसलेल्या गटांशी करणे. दोन्ही प्रकारचे गट त्याच बोटींवरून, त्याच दिवसांत, त्याच निरीक्षकांनी पाहिलेले असतात. बोट जिथे गेलीच नाही तिथल्या नोंदी दोघांच्याही नसतात. म्हणून ‘पाहिलेल्या गटांपैकी आई-पिल्लाचे प्रमाण कोणत्या खोलीच्या पट्ट्यात किती’ हा प्रश्न विचारला, की बोटींच्या वावराचा बराचसा दोष दोन्ही बाजूंनी कटून जातो. या लेखातील एकच गोष्ट प्रोजेक्टमध्ये घ्यायची असेल, तर ती ही घ्यावी.

कटून जातो म्हटले तरी पूर्ण जात नाही. पाण्यावर धडका घेणारे नरांचे टोळके कित्येक किलोमीटरवरून दिसते, तर स्वस्थ पडलेली आई आणि तिचे पिल्लू जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. नोंदीत निरीक्षकापासूनचे अंतर दिलेले असेल तर जवळच्या टप्प्यातल्या नोंदी घेऊन विश्लेषण पुन्हा करावे आणि निष्कर्ष तोच राहतो का ते पाहावे. समुद्राच्या स्थितीचा रकाना असेल तर शांत दिवसांपुरतेही एकदा करून पाहावे.

उपलब्ध अधिवासाशी तुलना करायचीच असेल, तर यादृच्छिक ठिपके संपूर्ण चौकटीत न टाकता, बोटी प्रत्यक्ष फिरल्या त्या परिसरातच टाकावेत. बोटींचे मार्ग मिळाले नाहीत तर सर्व गटांच्या सर्व नोंदींभोवती काही किलोमीटरचा पट्टा आखून, जमिनीचा भाग वगळून, त्याच्या आत ठिपके टाकावेत. हा मार्ग दुसऱ्या पसंतीचा आहे.

आकडेमोड आणि काळ

आकडेमोड साधी ठेवावी. खोलीचे पट्टे आणि गटाचे वर्ग यांचे पिव्होट टेबल करून काय-वर्ग चाचणी घ्यावी. एखाद्या खान्यातील अपेक्षित संख्या पाचाच्या खाली येत असेल तर शेजारचे पट्टे जोडावेत. अंतरासाठी मॅन-व्हिटनी चाचणी पुरते. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येत असेल तर आई-पिल्लू आहे किंवा नाही, असा लॉजिस्टिक रिग्रेशनचा नमुना खोली, उतार, अंतर आणि महिना घालून बसवावा. खोली आणि किनाऱ्यापासूनचे अंतर हे दोन घटक एकमेकांबरोबर वाढतात, तेव्हा दोन्ही एकत्र घालण्याआधी त्यांचा सहसंबंध पाहावा. खरा धोका आहे तो एकच जोडी पुन्हा पुन्हा मोजली जाण्याचा. दहा बोटींनी एकाच दुपारी पाहिलेले एक पिल्लू तक्त्यात दहा पिल्ले होऊन येते. म्हणून दोन किलोमीटरची जाळी टाकून, एका दिवशी एका चौकोनातून प्रत्येक वर्गाची एकच नोंद ठेवावी. नोंदी झपाट्याने कमी होतील आणि जीव हळहळेल, पण उरलेल्या नोंदींवर भरवसा ठेवता येईल.

काळाचा घटक दोन पातळ्यांवर पाहावा. हंगामाच्या आत सगळे देवमासे एकाच वेळी येत-जात नाहीत. नव्याने गाभण राहिलेल्या माद्या आधी परततात आणि नवजात पिल्लांच्या आया सर्वांत शेवटी. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये माता-पिल्लांचे प्रमाण वाढते ते काही अंशी इतर मंडळी निघून गेल्यामुळे. महिनावार तक्ता न करता पूर्ण हंगाम एकत्र केला, तर ज्या भागात बोटी हंगामाच्या शेवटी जास्त फिरतात तो भाग उगाचच मातांचा लाडका ठरतो.

वर्षांचेही तसेच आहे. उत्तर प्रशांत महासागरात २०१४ ते २०१६ च्या सुमारास पाणी तापले आणि देवमाशांच्या खाद्यावर त्याचा परिणाम झाला. माउई परिसरातील एका अभ्यासात आई-पिल्लाच्या जोड्या भेटण्याचे प्रमाण २०१३ ते २०१८ या काळात ७६.५ टक्क्यांनी घसरल्याचे नोंदवले आहे. उत्तर प्रशांतातील हंपबॅकची एकूण संख्याही २०१२ मधील सुमारे ३३,५०० वरून २०२१ मध्ये सुमारे २६,७०० वर आल्याचा अंदाज छायाचित्रांवरून काढला गेला. पिल्ले कमी असलेल्या वर्षांत माता कुठे होत्या आणि भरपूर असलेल्या वर्षांत कुठे होत्या, ही तुलना स्वतंत्रपणे करण्यासारखी आहे. सरसकट बेरीज केली तर ती संधी हातची जाते.

आपल्या समुद्राबद्दल

हे सगळे हवाईचे झाले, कोकणाचे काय, हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. अरबी समुद्रात हंपबॅक आहेत, आणि ते जगावेगळे आहेत. ते थंड समुद्राकडे स्थलांतर करत नाहीत, चरणे आणि विणे दोन्ही इथेच करतात. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून अलग पडलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ या काळात घेतलेल्या छायाचित्रांवरून तिथे अवघे ८२ देवमासे असावेत असा अंदाज निघाला. त्यांची संख्या इतकी रोडावण्यामागे सोव्हिएत जहाजांचा मोठा हात आहे. या जहाजांनी बेकायदा शिकार करून १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या मोजमापांवरूनच पुढे त्यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धातल्यासारखा असल्याचे कळले. ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ मध्ये अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, आणि गोव्याजवळच्या पाण्यात हंपबॅकची गाणीही ध्वनिमुद्रित झाली आहेत.

तरीही यावरून ‘कोकण किनाऱ्यावरील प्रजनन-अधिवास’ असा नकाशा काढू नये. मूठभर नोंदींवर बसवलेला नमुना रंगीत दिसतो, पण तो कोरा असतो. किनाऱ्यावर सापडलेले पिल्लू ही तर अधिवासाची नोंदच नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेल्या पिल्लाला समुद्रात परत नेण्याची खटपट झाली, पण ते जगले नाही. आजारी किंवा आईपासून तुटलेले पिल्लू प्रवाहाने कुठूनही येऊ शकते, त्यामुळे त्याची आई कोणत्या पाण्यात होती हे त्या जागेवरून ठरत नाही. अशी घटना समोर घडली तर वनविभागाला ताबडतोब कळवावे. देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना हात लावणे हा अभ्यासाचा भाग असू शकत नाही. बोट भाड्याने घेऊन त्यांचा शोध घ्यायला निघणेही टाळावे.

कोकणापुरते विद्यार्थ्याला करता येण्याजोगे काम म्हणजे मच्छीमारांच्या मुलाखती. आंबा घाट उतरून रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर गाठावे, किंवा गगनबावड्यावरून देवगड-कुणकेश्वरकडे जावे. तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, ‘तुम्ही देवमासा पाहिला का’ असे थेट विचारू नये, कारण उत्तर हमखास ‘हो’ असेच येते. निरनिराळ्या जातींची चित्रे पुढे ठेवून, ‘काका, यातलं काय काय बघितलंय?’ एवढेच विचारावे, आणि त्या चित्रांत आपल्या समुद्रात नसलेली एखादी जातही घालावी, म्हणजे उत्तरांचा कस कळतो. मोठ्याबरोबर लहान होते का हे शेवटी विचारावे, आणि लहान म्हणजे मोठ्याच्या मानाने केवढे, ते त्यांना हाताने दाखवायला सांगावे. महिना मासेमारीच्या कामांवरून काढावा: नारळी पौर्णिमेनंतर किती दिवसांनी, शिमग्याच्या आधी की नंतर. खोली ते वावांत सांगतील. एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर धरून हिशेब करावा, पण तांडेलाने सांगितलेला वावांचा मूळ आकडाही शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा, कारण गेब्कोची खोली आणि त्याने सांगितलेली खोली जुळली नाही, तर त्या ठिकाणी चूक गेब्कोचीही असू शकते.